कॅलिफोर्नियाच्या सार्वत्रिक निवडणुकीची मतपत्रिका घरी बसून कशी भरावी

कॅलिफोर्नियातील सार्वत्रिक निवडणूक सम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये, पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी होते. महाराष्ट्रात यंत्रावर एक बटण दाबून बाहेर पडण्याची सवय असलेल्या माणसाला तिथली मतपत्रिका पहिल्यांदा पाहिली की प्रश्नपत्रिकाच वाटते. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदापासून स्थानिक शाळा मंडळापर्यंतच्या लढती तीवर होत्या आणि त्यांच्या जोडीला राज्यपातळीवरचे १० प्रस्ताव होते, म्हणजे ज्यांवर मतदार स्वतः ‘होय’ किंवा ‘नाही’ असा थेट कौल देतात असे कायद्याचे प्रश्न. ही प्रश्नपत्रिका मात्र घरी बसून, पुस्तक उघडून सोडवायची असते. प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला ती टपालाने येते आणि मतदानाच्या २९ दिवस आधीपासून पाठवायला सुरुवात होते.

सर्वप्रथम नोंदणी तपासावी. मतदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्ड पुरेसे नाही. वाहन परवान्याच्या अर्जातही मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. नागरिकत्व मिळालेले नसेल, तर तिथे घाईत ‘होय’ म्हणू नये, कारण चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी अडचणीची ठरू शकते. नोंदणीची नेहमीची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. त्यानंतरही काऊंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, अगदी मतदानाच्या दिवशीही, नोंदणी करून मत देता येते.

मतपत्रिका आली की लगेच पेन उचलू नये. आधी राज्याची मतदार माहिती पुस्तिका शेजारी ठेवावी. प्रत्येक प्रस्तावाचा सारांश, सरकारी तिजोरीवर पडणाऱ्या भाराचे तटस्थ विश्लेषण, बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद आणि कायद्याचा मूळ मसुदा असे सगळे तीत असते. ही पुस्तिका मराठीत निघत नाही, पण हिंदीत निघते. इंग्रजीपेक्षा देवनागरी सहज वाचणाऱ्या आई-वडिलांसाठी ती अवश्य मागवून घ्यावी.

माझ्या मते लढतींच्या आधी प्रस्तावच हातात घ्यावेत. त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो आणि शेवटी ठेवले तर माणूस थकून अंदाजाने खुणा करतो. प्रस्ताव आपल्याला आवडतो की नाही हे ठरवण्यापूर्वी, ‘होय’ म्हटल्याने नेमके काय घडेल आणि ‘नाही’ म्हटल्याने काय घडेल, हे कागदावर एकेका ओळीत लिहून काढावे. २०२२ चा प्रस्ताव ३१ पाहा. विधिमंडळाने २०२० मध्ये स्वादयुक्त तंबाखू उत्पादनांच्या किरकोळ विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला होता. तंबाखू कंपन्यांच्या पाठबळावर सह्या गोळा झाल्या आणि तो कायदा जनतेच्या कौलासाठी आला. प्रश्न कायदा कायम ठेवण्याचा होता, त्यामुळे ज्याला बंदी हवी होती त्याने ‘होय’ म्हणायचे होते. कौल ज्यांनी मागवला त्या कंपन्यांना ‘नाही’ हवे होते. शीर्षक वरवर वाचणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते.

कर्जरोख्यांच्या प्रस्तावात रक्कम आणि परतफेड दोन्ही वाचावीत. २०२४ च्या प्रस्ताव २ ने शाळांच्या इमारतींसाठी १० अब्ज डॉलरचे रोखे मागितले होते. परतफेडीचा अंदाज वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर, ३५ वर्षे, असा दिला होता. मतदारांनी तो मंजूर केला. शाळा हव्यातच, पण हे आकडे पाहूनच खूण करावी. प्रचाराच्या जाहिरातीत मोठे देणगीदार कोण आहेत हे छापणे बंधनकारक असते. ती बारीक अक्षरांतली ओळ घोषणेच्या आधी वाचावी.

लढतींमध्ये एक गोष्ट आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. राष्ट्राध्यक्षपद सोडता राज्य सरकार, राज्य विधिमंडळ आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्या जागांसाठी आधी झालेल्या प्राथमिक फेरीतले पहिले दोघेच नोव्हेंबरमध्ये उरतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०२४ मध्ये सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) एकाच जागेसाठी ॲडम शिफ आणि स्टीव्ह गार्वी ही नावे दोनदा छापलेली होती: एकदा पूर्ण मुदतीसाठी आणि एकदा उरलेल्या थोड्या दिवसांसाठी. ती छपाईची चूक नव्हती आणि दोन्ही ठिकाणी खूण करायची होती. एखाद्या लढतीची माहितीच नसेल, तर ती जागा कोरी ठेवता येते. बाकीची मते मोजली जातात.

शेवटी लिफाफा. मतपत्रिका आत घालून लिफाफ्यावर स्वतः सही करावी, कारण ती सरकारी नोंदीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. नोंदीत पूर्ण नावाची सही आणि लिफाफ्यावर घाईतली दोन अक्षरे, असे झाले तर मत अडकू शकते. टपालाने पाठवायची असल्यास शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. उशीर झाला असेल तर मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत काऊंटीच्या अधिकृत पेटीत ती टाकावी. राज्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले, तर मतपत्रिका पोहोचल्याचा आणि मोजली गेल्याचा संदेश फोनवर येतो. सही जुळत नसल्याचे पत्र आले, तर सोबतच्या अर्जावर सही करून तो मुदतीत परत पाठवावा, म्हणजे ते मत मोजणीत येते.