पंट कव्हरेज: मुलांना आधी जागा शिकवा, मग धावणं

अमेरिकन फुटबॉलमध्ये आपलं आक्रमण पुढे सरकेना की चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देतात, तो पंट. तो झेलून उलटा पळणाऱ्याला (रिटर्नरला) अडवणं म्हणजे पंट कव्हरेज. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात पंट परतवून समोरच्यांनी टचडाउन केला (चेंडू गोलरेषेपार नेला) की कडेला उभे असलेले पालक हळहळतात, ‘टॅकल (पकडून पाडणं) चुकला!’ खरं तर काम त्याच्या आधीच बिघडलेलं असतं. अकरापैकी सात जण चेंडू दिसला म्हणून एकाच पट्ट्यात धावलेले असतात आणि उरलेलं अर्धं मैदान रिकामं पडलेलं असतं. अशा वेळी पहिला टॅकल चुकला तर मागे सावरायला कोणी नसतं.

अमेरिकेत न्यू जर्सीत किंवा बे एरियात मुलाला फुटबॉलला घातलं आणि हळूहळू स्वतःच सहायक कोच झाले, अशा मराठी पालकांना ही गोष्ट कबड्डीवरून पटकन कळते. कोपऱ्यातला गडी अधीर होऊन आत सरकला की चढाईपटू त्याच्याच बाजूने निसटतो. पंट कव्हरेजमधला ‘कंटेन’, म्हणजे रिटर्नरला बाहेरून निसटू न देणारा गडी, हाच कोपरा. मैदान मात्र ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद असतं, त्यामुळे चूक महागात पडते.

पहिलं काम नियमपुस्तिका वाचण्याचं. बहुतेक मुलांच्या लीग हायस्कूलच्या राष्ट्रीय फेडरेशनचे नियम थोडेफार बदलून वापरतात. टेक्सासमध्ये मात्र हायस्कूलसुद्धा कॉलेजच्या नियमांनी खेळतं. अगदी लहान गटांत काही लीग पंट खेळवतच नाहीत, चेंडू ठरावीक यार्ड पुढे नेऊन ठेवतात. तुमच्या लीगमध्ये तसं असेल तर हा सगळा वेळ टॅकलिंगच्या सरावाला द्या. पुढे जे नियम सांगितले आहेत ते हायस्कूलचे आहेत.

रचना साधी ठेवा. लाइनवर, म्हणजे चेंडू ठेवलेल्या रेषेवर, सात जण: मध्ये लाँग स्नॅपर (पायांमधून चेंडू मागे फेकणारा; ती फेक म्हणजे स्नॅप), त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग टॅकल (इथे हे जागेचं नाव) आणि बाहेर दूर दोन गनर (रिटर्नरकडे थेट धावणारे). टॅकलच्या बाहेर अर्धं पाऊल, मागे एक यार्ड असे दोन विंग. पाच यार्ड मागे, स्नॅपच्या वाटेतून एक पाऊल बाजूला पर्सनल प्रोटेक्टर (पंटरचा राखणदार) आणि शेवटी लाथ मारणारा पंटर. आतल्या पाच जणांच्या पायांत सहा इंचांहून जास्त फट नको. या वयात पंट अडवला जातो तो बहुधा मधूनच. बाहेरून येणाऱ्याला लांबचा फेरा पडतो.

पंटर किती मागे उभा राहतो याला नियमातही अर्थ आहे. हायस्कूलच्या नियमात तो लाइनपासून किमान १० यार्ड मागे असेल तरच ती किकची रचना धरली जाते. तेव्हाच स्नॅपरला थेट धडकेपासून संरक्षण मिळतं आणि लाइनवर ५० ते ७९ क्रमांकांचे पाच खेळाडू असायलाच हवेत ही अट सुटते. स्नॅपरचा चेंडू आठच यार्ड पोचतो म्हणून पंटरला पुढे आणलंत, तर हे दोन्ही फायदे हातचे जातात. त्यापेक्षा दुसरा स्नॅपर शोधा. संघातला सगळ्यात ताकदवान मुलगाच चांगला स्नॅपर असतो असं नाही. सरळ, एकसारखा चेंडू टाकणारा शांत डोक्याचा मुलगा हवा. रोज २० स्नॅप टाकू द्या आणि पंटरच्या कमरेपासून छातीपर्यंत आलेलेच मोजा. २० पैकी १६ येईपर्यंत सामन्यात पंटचा विचार जपून करा. स्नॅप डोक्यावरून गेला तर कव्हरेज कितीही पाठ असून उपयोग नाही.

आता थोडं गणित, कारण ‘लांब मार’ हा सल्ला इथे उलटतो. स्नॅप सुटल्यापासून पाय चेंडूला लागेपर्यंत अडीच सेकंद धरा आणि तोवर पंटर लाइनपासून आठ यार्ड मागे आलेला आहे असं समजा. लाइनवरची मुलं अडवण्यासाठी दीड सेकंद थांबतात, मग साधारण सेकंदाला साडेपाच यार्ड पळतात. पायापासून २८ यार्डांचा पंट हवेत अडीच सेकंद राहिला तर तो लाइनपुढे २० यार्डांवर पडतो आणि तोवर मुलं १९ यार्ड पोचलेली असतात. म्हणजे रिटर्नरला श्वास घ्यायलाही जागा नाही. तेच ३५ यार्डांचा सपाट पंट १.८ सेकंदांत २७ यार्डांवर पोचतो, मुलं असतात १५ वर. मधल्या १२ यार्डांत चपळ मुलगा हवी ती दिशा निवडतो. म्हणून पंटरला उंची शिकवा, अंतर नंतर. तुमच्या मुलांचे आकडे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि हेच गणित पुन्हा मांडून बघा.

दिशासुद्धा आधी ठरवा. हायस्कूलच्या मैदानावर हॅश मार्क (चेंडू याच्या बाहेर ठेवत नाहीत ती खूण) कडेपासून जवळजवळ १८ यार्डांवर असतो. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर पंट डावीकडेच मारा. कडेची रेघ हा बारावा गडी समजा. तो कधी टॅकल चुकवत नाही.

लेनचा, म्हणजे प्रत्येकाच्या धावण्याच्या पट्ट्याचा, हिशेब असा. स्नॅपर सरळ चेंडूवर. गार्ड त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्डांवर, टॅकल आठ-आठवर, विंग बारा ते चौदावर. हे विंग म्हणजे कंटेन. गनर सुटल्याबरोबर थेट रिटर्नरवर जातात, पण बाहेरून आत, त्याला आपल्या आतल्या खांद्याच्या बाजूला ठेवत. पर्सनल प्रोटेक्टर चेंडूच्या बाजूने आठ यार्ड मागून येतो आणि पंटर पंधरा यार्ड मागे शेवटचा पहारेकरी. हे आकडे चेंडूपासून मोजायचे, मैदानावरच्या खुणांपासून नव्हे. चेंडू दहा यार्ड उजवीकडे गेला तर अख्खी रांग दहा यार्ड उजवीकडे सरकते. मुलांना हीच गोष्ट सगळ्यात उशिरा कळते, म्हणून आधी चालत शिकवा. दहा जणांना रांगेत उभं करा, तुम्ही २० यार्डांवर चेंडू हातात घेऊन डावी-उजवीकडे फिरा आणि त्यांना तुमच्याकडे चालत येऊ द्या. शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थांबतील. मग मधली अंतरं मोजा. दोघं एकमेकांना हात लावू शकत असतील तर ते एकाच लेनमध्ये आहेत. चालताना जमलं की हळू धावत, मग पूर्ण वेगाने.

पळताना वळून चेंडूकडे बघायचं नाही. मान वळली की पाय मंदावतात. चेंडू कुठे चाललाय हे रिटर्नर सांगतो: त्याचे डोळे आणि पावलं वाचा. पंटरने पाय लागल्याबरोबर ‘लेफ्ट’, ‘राइट’ किंवा ‘शॉर्ट’ असं मोठ्याने ओरडायचं. सरावात तो ओरडला नाही तर तो पंट पुन्हा.

अडवायला कोणी समोर आला तर काय, यासाठी एकच नियम पुरतो. रिटर्नर दहा यार्डांपेक्षा लांब असेल तर बगल देऊन निघा आणि लगेच आपल्या लेनमध्ये परत या. जवळ असेल तर बगल द्यायची नाही. हात त्याच्या छातीवर रोवून त्याला मागे रेटत न्या, म्हणजे लेन मोकळी पडत नाही. विंगला याहून कडक नियम: आतून कधीच जायचं नाही, बाहेरचा हात कायम मोकळा. सगळे मधे झेपावत असताना एकटं बाहेर थांबणं मुलांना शिक्षा वाटते. म्हणून कंटेनने रिटर्नरला आत वळवलं की टॅकल केल्याइतकंच कौतुक करा. त्याने स्वतः टॅकल केला नसला तरी.

शेवटचे पाच यार्ड सगळ्यात अवघड. पूर्ण वेगात आलेलं मूल एका हुलकावणीत पुढे निघून जातं. पाच यार्डांवर पावलं लहान आणि भराभर, कंबर खाली, डोकं वर, नजर रिटर्नरच्या कमरेवर. पण थांबायचं नाही. थांबलेल्याला चुकवणं सोपं असतं. खांदा लावायचा, डोकं बाजूला, दोन्ही हातांनी कवळा घालून पाय चालू. हेल्मेट पुढे करून धडकणाऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढा, टॅकल कितीही छान झालेला असो. या भागाचा बहुतेक सराव दोन हातांच्या स्पर्शाने करता येतो आणि तसाच करावा. पॉप वॉर्नर या मुलांच्या फुटबॉल संस्थेने २०१२ मध्ये तीन यार्डांपेक्षा जास्त अंतरावरून पूर्ण वेगात समोरासमोर धडकण्याचे सराव बंद केले आणि २०१६ मध्ये धडकेच्या सरावाची मर्यादा एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्यावर आणली. वीस यार्ड धावत येऊन खरा टॅकल, असा पंट कव्हरेजचा सराव तिथे बसतच नाही.

फेअर कॅचची खूण (हात उंचावून ‘मी फक्त झेलणार, पळणार नाही’) झाली की रिटर्नरला झेल घेऊ द्यावाच लागतो. धक्का लागला तर १५ यार्ड दंड. तरी पाठ फिरवू नका, हातातून निसटलेला चेंडू आपला होऊ शकतो. तो त्यांना लागल्यावर आपण धरला तर ताबा मिळतो, पण तो घेऊन पळता येत नाही. म्हणून त्यावर नुसतं अंग टाकायचं.

घरंगळणारा चेंडू त्यांच्या गोलरेषेकडे जात असेल तर त्याच्यासोबत चाला, उलट फिरला तर लगेच दाबा. तो रेषेला टेकला की टचबॅक आणि चेंडू त्यांच्या २० यार्डांवर. आत पडलेला परत ढकलायची सोय या नियमांत नाही, म्हणून एकाने धावत जाऊन रेषेवर, चेंडूकडे तोंड करून उभं राहायचं. पायाने थांबवायला जाणारं एक तरी मूल प्रत्येक संघात असतं. ते आधी हेरून ठेवा. शिवाय त्यांना न लागलेल्या चेंडूला आपला अर्धवट हात लागला, तर ते तो उचलून जवळजवळ निर्धास्त पळू शकतात: गडबड झाली तरी सहसा आपण जिथे हात लावला तिथेच चेंडू घेण्याचा पर्याय त्यांना असतो. हात लावायचा तर चेंडू पूर्ण धरायचा.

गनरना आणखी एक सांगा. ब्लॉकरला चुकवायला आपणहून कडेच्या बाहेर जाऊन परत आत आलं की १५ यार्ड दंड. ढकलून बाहेर काढलं असेल तर पहिल्या संधीला आत यायचं.

सगळ्यांना खेळवण्याचा नियम असलेल्या लीगमध्ये नवशिक्यांना पंट संघात टाकून मोकळं होण्याची सवय फार दिसते. टाका, पण टॅकलच्या जागी, जिथे एका बाजूला गार्ड आणि दुसऱ्या बाजूला विंग हे दोघंही जाणते असतील. कंटेनवर नवं मूल नको.

आठवड्यातून दोनदा १२ ते १५ मिनिटं पुरतात: चार मिनिटं स्नॅप आणि अडवणं, पाच मिनिटं लेन, उरलेली घरंगळत्या चेंडूला. सामन्यात चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) पंट संघ आत गेला की पर्सनल प्रोटेक्टरने मोठ्याने अकरा डोकी मोजायची. दहा निघाली तर टाइमआउट घ्या.