रिकव्हरी पेनड्राइव्ह: मेनू दिसला म्हणजे काम झाले नाही

गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या लॅपटॉपवरील विंडोज सुरूच होईना, तेव्हा मी निर्धास्त होतो, कारण एक्सटर्नल हार्ड डिस्कवर आठवड्यापूर्वीचा संपूर्ण बॅकअप होता आणि ड्रॉवरमध्ये विंडोज बिघडल्यावर लॅपटॉप सुरू करण्यासाठीचा रिकव्हरी पेनड्राइव्हही होता. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला, बॅकअप सॉफ्टवेअरचा मेनू आला, आणि बॅकअप कोणत्या डिस्कवर उतरवायचा हे विचारणाऱ्या यादीत लॅपटॉपमधील एसएसडीच, म्हणजे आतली मुख्य डिस्कच, नव्हती. पेनड्राइव्ह मी आधी तपासलेला होता, पण ती तपासणी मेनू दिसेपर्यंतच होती; मेनू दिसताच समाधानाने बंद करून टाकला होता. पुढील तयारी या एका चुकीभोवती लिहिलेली आहे.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, चांगल्या दुकानातून घेतलेला आणि रिकामा असावा. विंडोजच्या स्वतःच्या रिकव्हरी ड्राइव्हला सिस्टिम फाइलींसह किमान १६ जीबी लागतात आणि तो तयार होताना पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी काढू नये.

त्याआधी आपण नेमके काय तयार करत आहोत हे ठरवावे, कारण येथे अनेकांचा घोटाळा होतो. विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह विंडोज दुरुस्त करतो किंवा नव्याने बसवतो. त्यात आपल्या वैयक्तिक फाइली नसतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने घेतलेला संपूर्ण डिस्कचा बॅकअप त्याला वाचता येत नाही. तो बॅकअप परत उतरवायचा असेल, तर ज्या सॉफ्टवेअरने तो घेतला त्याच्याच मेनूतून बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करावा लागतो. सॉफ्टवेअरने आयएसओ फाइल (संपूर्ण बूट डिस्कची एका फाइलमधील प्रतिमा) दिली, तर ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफससारख्या साधनाने ती उतरवावी लागते. बॅकअपची फाइल मात्र वेगळ्या डिस्कवरच ठेवावी, कारण असे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही.

आता ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एखादा भाग विंडोजला ओळखता आणि चालवता यावा यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. रोजच्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच बसलेला असल्यामुळे आपल्याला त्याची कधी जाणीवही होत नाही. पण पेनड्राइव्हवरून सुरू होणारी छोटी विंडोज, जिला विंडोज पीई म्हणतात, तिच्यात तो असेलच असे नाही, आणि नसेल तर तिच्या लेखी लॅपटॉपमध्ये डिस्कच नसते. पेनड्राइव्ह तयार करताना सॉफ्टवेअर या संगणकाचे ड्रायव्हर सोबत घ्यावेत का असे विचारते, तेथे होकार द्यावा. घाईघाईत नेक्स्ट दाबत गेल्यामुळे माझी ती खूण राहून गेली होती. तेवढ्यावरही विसंबू नये: लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवावा, तो उलगडून आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा हे सांगणारी) असलेले संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे. नुसती ईएक्सई फाइल ठेवून उपयोग नाही, कारण लोड ड्रायव्हर म्हटल्यावर आयएनएफच मागितली जाते. आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर चांगल्या चाललेल्या संगणकावर तो कदापि मानू नये. बसलेली विंडोज त्यानंतर सुरू न होण्याचीच शक्यता अधिक.

मग चाचणी, आणि ती विंडोज धडधाकट असतानाच. एक्सटर्नल डिस्क जोडावी, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करावा आणि मेनूवर थांबू नये. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, मिळत असल्यास तेथे डिस्कपार्ट (diskpart) आणि त्यानंतर लिस्ट डिस्क (list disk) या आज्ञा द्याव्यात. लॅपटॉपमधील एसएसडी यादीत दिसलीच पाहिजे. ५१२ जीबीची एसएसडी तेथे सुमारे ४७६ जीबीची दिसते, त्याने गोंधळू नये. दिसली नाही, तर आजच ड्रायव्हर जोडून पाहावा आणि पुन्हा यादी काढावी. त्यानंतर बॅकअप उघडावा, आतील एखादे फोल्डर प्रत्यक्ष दिसते का ते पाहावे, आणि रिस्टोअरच्या शेवटच्या पायरीआधी कॅन्सल करावे. मेनू दिसणे ही चाचणी नव्हे. एसएसडी दिसणे आणि बॅकअप उघडणे, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच चाचणी झाली असे समजावे.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारे विंडोजचे एन्क्रिप्शन, त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. आपण बिटलॉकर कधी चालूच केले नाही, असे म्हणणाऱ्यांनी विशेषतः तपासावे, कारण विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि बायोसमध्ये काही बदलले की ही की मागितली जाऊ शकते. ती त्याच लॅपटॉपवरील फाइलमध्ये ठेवणाऱ्याला काय म्हणावे!

लॅपटॉप कशावरून सुरू करायचा हे विचारणाऱ्या बूट मेनूची कळ त्याच कागदावर लिहावी: डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करण्याचा सोपा मार्ग आहे, पण तो विंडोज जिवंत असेपर्यंतच. बॅकअप नेटवर्कवरील डिस्कवर असेल, तर लॅनची केबल जवळ ठेवावी, कारण विंडोज पीईमध्ये वायफाय सहसा नसते. आणि लॅनचा डोंगल (यूएसबीत लावून लॅनची केबल जोडण्याचे उपकरण) वापरत असाल, तर त्याचाही ड्रायव्हर लागतो. होय, पुन्हा ड्रायव्हरच.

बाकीचे थोडक्यात. चार्जर लावलेला असावा. पेनड्राइव्हची दुसरी प्रत करून ती घराबाहेर ठेवावी. एक्सटर्नल डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. बॅकअप सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती बदलली किंवा लॅपटॉप बदलला, की पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा आणि चाचणीही नव्याने घ्यावी. पेनड्राइव्हला चिठ्ठी लावून तिच्यावर लॅपटॉपचे मॉडेल लिहावे, आणि तारीख लिहायची ती पेनड्राइव्ह तयार केल्याची नव्हे, तर यादीत एसएसडी दिसल्याची.