अंड्याचा आणि बॉयलर कोंबडीचा रेट कसा बघायचा, आणि गाडी दारात यायच्या आधी काय करून ठेवायचं

रोज सकाळी व्हॉट्सअपवर रेटचा मेसेज येतो, पुणे इतके, मुंबई इतके, हैदराबाद इतके, आणि नवीन पोल्ट्रीवाला तो बघून लगेच मनात गुणाकार करतो, की माझे इतके ट्रे म्हणजे आज इतके पैसे. तिथंच गडबड होते. तो रेट तुमच्या हातात पडणारा रेट नाही. त्या दोन आकड्यांमध्ये जो फरक असतो तो का असतो आणि त्यातला कुठला कमी करता येतो, पोल्ट्रीचा धंदा खरं तर तिथं शिकायला लागतो, कोंबडी सांभाळणं त्यामानानं लवकर जमतं.

आधी अंड्याचं बघू. एनईसीसी म्हणजे नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, १९८२ साली सुरू झाली, ऑफिस पुण्यात, डॉ. बी. व्ही. राव यांनी पुढाकार घेतला होता कारण त्या काळी व्यापारी म्हणेल तो भाव आणि शेतकऱ्याला खर्चसुद्धा निघायचा नाही. 'संडे हो या मंडे'वाली जाहिरात त्यांचीच. तर ही कमिटी रोज गावागणिक रेट सांगते, तो शेकड्यावर असतो. ५२० लिहिलंय म्हणजे शंभर अंड्यांना ५२० रुपये, एक अंडं ५ रुपये २० पैसे. साइटवर महिन्याचा पूर्ण तक्ता मिळतो, तारखेप्रमाणे, तो बघायची सवय लावा, फॉरवर्ड मेसेजवर जाऊ नका, कधी कधी कालचाच मेसेज आज फिरत असतो. तक्त्यात काही नावांपुढे सीसी लिहिलेलं असतं, मुंबईपुढे आहे बघा, म्हणजे तो खपाच्या ठिकाणचा रेट, तिथं माल पोचल्यावरचा. तुमचं शेड सांगली जिल्ह्यात असेल आणि तुम्ही मुंबईचा रेट धरून बसला तर भाडं कोण भरणार? आणि हा रेट सुचवलेला असतो, त्यानंच विकायचं असं कोणावर बंधन नाही. म्हणून फार्मवरचा सौदा 'मायनस'मध्ये होतो. एनईसीसी मायनस २०, मायनस ३०, असं बोलतात, म्हणजे त्या रेटपेक्षा शेकड्याला तेवढे रुपये कमी. तुमच्या भागातला आजचा मायनस किती हे खरं विचारायचं, एनईसीसी किती हे तर सगळ्या जगाला माहितीये.

आता महाराष्ट्रात रेट कशावर हलतो तर बाहेरच्या मालावर. आपलं राज्य अंड्यात तुटीचं आहे. २०२३ च्या जानेवारीत पशुसंवर्धन खात्यानंच सांगितलं होतं की राज्यात रोज सव्वादोन कोटींच्या वर अंडी खपतात आणि आपल्याकडं होतात एक ते सव्वा कोटी, बाकीची कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून येतात. मग साधं गणित असं की समजा कर्नाटकात होस्पेटला ५०० आहे आणि तिथून तुमच्या शहरापर्यंत भाडं, हमाली, वाटेत फुटणारी अंडी सगळं धरून शेकड्याला ३० लागतात, तर तुमच्या शहरातला व्यापारी तुम्हाला फार फार तर ५३० पर्यंत जाईल, ५५० मागितले तर तो वाद पण घालणार नाही, फोन उचलून गाडी तिकडून मागवेल. म्हणून आपल्या गावचा रेट बघायच्या आधी हैदराबाद आणि होस्पेट बघा, दोन-तीन दिवस तिकडं सलग उतरत असेल तर इकडं उतरणारच, तेव्हा माल दाबून ठेवू नका. तिकडं चढायला लागला आणि तुमचा व्यापारी अजून जुन्याच रेटनं मागतोय तर एक दिवस थांबायला हरकत नाही. फक्त उन्हाळ्यात जास्त थांबू नका, पत्र्याच्या खोलीत अंडी ठेवली तर आत पातळ होतात आणि मग बेकरीवाला पण नाक मुरडतो.

मोजमाप नक्की ठरवून घ्या. ट्रे ३० चा, पेटी ७ ट्रेची म्हणजे २१० ची. शेकडा सांगून पेटीचा हिशोब करताना तोंडी आकडेमोड केली की पाच-दहा रुपये इकडं तिकडं होतात, रोज होतात, म्हणून कॅल्क्युलेटरवर करा, व्यापाऱ्यासमोर करा. ट्रे परत येणार का, कोणाचे, फुटले तर कोणाचे हे पण आधीच बोला. तडा गेलेली अंडी वेगळी काढून वेगळ्या भावानं द्या, चांगल्यात घुसवली तर एकदा खपतील पण पुढच्या वेळी तो सगळ्या मालालाच कट लावेल. नवीन तलंगांची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची, सुरवातीची अंडी बारीक असतात, त्याला कमी रेट मिळतो ते बरोबरच आहे, पण मोठं अंडं सुरू झाल्यावर तोच कट चालू ठेवायचा प्रयत्न होतो, तेव्हा चार ट्रे काट्यावर ठेवून दाखवा. ५५ ग्रॅमच्या आसपास अंडं असेल तर बारीक म्हणायला जागा नाही.

स्वतःचा खर्च माहीत नसेल तर रेट बघून उपयोगच नाही. लेअर, म्हणजे अंड्यासाठी पाळलेली कोंबडी, दिवसाला साधारण ११०-११५ ग्रॅम खाते. समजा ११२ ग्रॅम, अंडी ९० टक्के म्हणजे शंभर कोंबड्यांमागं रोज ९०, तर एका अंड्यामागं १२४ ग्रॅम खाद्य गेलं. खाद्य २८ रुपये किलो धरलं तर साडेतीन रुपयाला दोन पैसे कमी, नुसतं खाद्याचं. त्यात पक्षी वाढवायचा खर्च, लाइट, औषध, मजूर, हप्ता घातला की साडेचारच्या पुढं जातंय. आता तीच बॅच म्हातारी होऊन ७५ टक्क्यांवर आली तर खाद्यच ४ रुपये १८ पैशांवर गेलं. त्यामुळं 'अजून अंडी देतायत ना' म्हणून जुनी बॅच ओढत बसायचं का हे अंड्याच्या रेटवर ठरतं, आणि त्याच्या जोडीला कल कोंबडीचा, म्हणजे अंडी कमी झाल्यावर काढून विकायच्या कोंबडीचा, रेट काय चाललाय त्यावर. श्रावणाच्या तोंडावर अंड्याचा रेट पण पडतो आणि कलचा पण पडतो, तेव्हा कल काढायचाच असेल तर श्रावण लागायच्या आधी महिनाभर फोनाफोनी सुरू करा.

खाद्याचा रेट म्हणजे मका आणि सोयापेंड. लासलगाव, येवला, मालेगावकडचा मक्याचा भाव रोज बघा, कांद्याबरोबर तो पण येतो बातम्यांत. हल्ली मका इथेनॉलला जायला लागल्यापासून हंगामात भाव पडेल मग भरू हे पूर्वीसारखं खात्रीनं चालत नाही. सोयाबीननं २०२१ च्या ऑगस्टमध्ये तर कहर केला होता, क्विंटलला दहा हजारांच्या आसपास, शेवटी केंद्राला १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. सोयाबीन पिकवणारा शेजारी खूश आणि पोल्ट्रीवाला रडतोय, दोघंही शेतकरीच, आता यात कोणाची बाजू घेणार. मका साठवायचा असेल तर ओल बघून घ्या, ओला मका स्वस्त पडतो आणि बुरशीनं पक्षी आजारी पाडतो.

बॉयलरचं, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचं, गणित वेगळं आहे, तिथं जिवंत पक्ष्याचा किलोवर रेट असतो आणि तो अंड्यापेक्षा खूप उड्या मारतो. कंपनीशी करार करून पाळत असाल तर पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं आणि तुम्हाला किलोमागं पाळणावळ, तुमचं लक्ष बाजारापेक्षा एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं) आणि मर यांच्यावर पाहिजे, आणि करारात रेट चढला तर तुम्हाला काही मिळतं का ते वाचा, तोंडी सांगतात ते सोडा. स्वतःच्या पैशानं पाळणाऱ्यानं मात्र असं मांडून बघावं, समजा पिल्लू ४० रुपयाला, पक्षी २ किलो २०० चा होणार, तर किलोला १८ रुपये पिल्लाचे. खाद्य ४० रुपये किलो आणि एफसीआर १.६, म्हणजे ६४. तूस, कोळसा, लस, मजूर, मर धरून आठ-दहा. नव्वदीच्या पुढं गेलो. म्हणजे त्या बॅचला ८५ रेट मिळाला तर तोटा, आणि व्यापारी 'आज मार्केट छान आहे' म्हणत असतो.

पिल्लाचा रेट हा पुढच्या बाजाराचा अंदाज द्यायला सगळ्यात चांगला. आज पिल्लू खूप महाग आणि मिळत नाही म्हणजे सगळेच भरतायत, ४० दिवसांनी सगळ्यांचा माल एकदम निघणार. गटारीला हेच होतं दरवर्षी, सगळे ४० दिवस मागं मोजून पिल्लं टाकतात आणि ऐन अमावस्येला गाड्याच गाड्या. थोडं मागंपुढं टाकलेलं बरं असं माझं मत. उलट बाजू २०२० ला दिसली, फेब्रुवारीत कोंबडीमुळं कोरोना होतो ही अफवा उठली, बॉयलर किलोला पाच-दहा रुपयांवर आला, लोकांनी फुकट वाटला, नवीन पिल्लं टाकायची बंद झाली, आणि काही महिन्यांत चिकन महाग झालं कारण शेडच रिकामी होती. तेव्हा ज्यांच्याकडं थोडा माल होता त्यांनी कमावलं. पण पैसे हातात असल्याशिवाय असला डाव खेळू नका, कर्ज काढून तर नकोच.

रेट पडला म्हणून पक्षी थांबवायचा मोह होतो. ४०-४२ दिवसांनंतर पक्षी दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास खातो आणि नव्वद-शंभर ग्रॅम वाढतो, म्हणजे आठ रुपयाचं खाऊन आठ रुपयाचं मांस, त्यात मर आणि उन्हाळा असेल तर विचारूच नका. वर पक्षी पावणेतीन किलोच्या पुढं गेला की चिकन शॉपवाला नको म्हणतो आणि मोठ्या पक्ष्याचा रेट दोन-चार रुपये खाली. तंदूरवाल्या हॉटेलला छोटा लागतो, सव्वा-दीड किलोचा, असं गिऱ्हाईक हाताशी असेल तर बॅचमधले थोडे आधीच काढून शेड मोकळं करता येतं, गर्दी कमी झाली की बाकीचे पण चांगले वाढतात.

दुकानातला रेट बघून फार्मवरचा रेट ओळखता येतो. जिवंत पक्ष्यातून कातडी काढलेलं मांस साधारण ६५-७० टक्के निघतं. फार्मला १०० असेल तर नुसत्या मांसाचा हिशोबच दीडशेच्या आसपास जातो, वर वाहतुकीतली घट, होलसेलवाला, दुकानाचं भाडं. त्यामुळं दुकानात २२० बघून 'आमाला लुटतायत' असं लगेच म्हणू नका, पण फार्मला ७० झालं आणि दुकानात तेच २२० असेल तर खुशाल म्हणा. तेव्हाच गावात स्वतः कापून विकायचा विचार करायला पाहिजे, आठवडी बाजाराच्या दिवशी पन्नास पक्षी गेले तरी फरक पडतो.

पक्षी उचलायच्या दिवशी काटा तुमच्या डोळ्यासमोर पाहिजे. क्रेट रिकामे असताना वजन करा, सगळे नाही तर चार-पाच, ओल्या क्रेटचं वजन जास्त भरतं. काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का बघा. खाद्य कधी बंद करायचं ते आधी ठरवा, व्यापाऱ्याला रिकाम्या पोटाचा पक्षी पाहिजे असतो आणि तुम्हाला भरलेल्या, मधलं काहीतरी ठरतं, पण संध्याकाळी येतो म्हणून सांगून गाडी पहाटे आली तर तेवढ्या वेळात पक्षी घटतो, ती घट कोणाची हे बोलून ठेवा. आणि पैसे. इथं कांद्यासारखा तुमच्यासमोर लिलाव होऊन पट्टी मिळत नाही, सौदा शेडच्या दारात होतो, त्यामुळं गाडी हलायच्या आधी पैसे खात्यावर. दोन रुपये कमी देणारा रोखीचा व्यापारी परवडला. उधारीवाला पहिल्या दोन बॅचला अगदी वेळेवर देतो, हे लक्षात ठेवा.

सणवाराचं कॅलेंडर भिंतीवर असतंच, पण एक गोष्ट लोक विसरतात, उत्तरेकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यामुळं आपल्याकडं आषाढ जोरात चालू असताना अंड्याचा रेट गपकन बसतो, कारण तिकडची मागणी पडली की दक्षिणेचा माल आपल्याकडं वळायला लागतो. पुढं गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं मंदच, मधे काही भागात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तेवढाच उठाव. दसऱ्यानंतर थंडी पडेल तशी अंड्याला ताकद येते, डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरे. बॉयलरला मार्गशीर्षातले गुरुवार सोडले तर थर्टीफर्स्ट आणि धुळवड हे जोराचे दिवस.

बर्ड फ्लूची बातमी आली की रेट दुसऱ्या दिवशी पडतो, तुमच्यापासून चारशे किलोमीटरवर असली तरी. २००६ ला देशात पहिल्यांदा आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता, २०२१ ला परत तिथंच. अशा वेळी घाबरून निम्म्या किमतीत माल काढायच्या आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून विचारा की बाधित क्षेत्र कुठलं. पक्षी मारतात ते साधारण एक किलोमीटरच्या आत, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. आणि स्वतःकडं मर वाढली तर लपवू नका, कारण भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, उशिरा कळवलं की नुकसान तुमचंच.

गावरान, गिरिराज, वनराज असलं पाळणाऱ्यांनी एनईसीसीकडं बघूच नये, तो रेट पांढऱ्या फार्मच्या अंड्याचा. तुमचं अंडं नगावर विकतं, दुप्पट भावानं पण जातं, पण ते पन्नास-शंभर घरांपुरतं. हजार पक्षी गावरानचे टाकले आणि गिऱ्हाईक शोधलं नाही तर शेवटी तेच अंडं किराणा दुकानात फार्मच्या भावात द्यायला लागतं. आधी गिऱ्हाईक, मग पक्षी.

आणि खत. लेअरवाले बरेच जण खत असंच देऊन टाकतात, तसं करू नका. नाशिक-सांगलीकडं द्राक्षवाले छाटणीच्या आधी शोधत येतात, ऊसवाले पण घेतात. ट्रॉलीवर देण्यापेक्षा वजनावर द्या, ट्रॉलीच्या फळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या उंचीच्या असतात.