गुड फ्रायडेला तुमच्या वाट्याला उद्गार आला तर काय बोलायचं आणि काय नाही

आपल्या इकडे बऱ्याच खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते आणि येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून देतात, कारण पाळकसाहेब एकटे किती बोलणार, त्यांच्याकडे अजून दोन-तीन गावं असतात. मग ऐन वेळेवर कोणीतरी सांगतं, चौथा उद्गार तुझ्याकडे हं, आणि पोरगं मोबाइल उघडून दुसऱ्याचं भाषण पाठ करायला बसतं. तसं करू नका, म्हणून हे लिहून राहिलो. बोलायचं दहा मिनिटंच असतं, पण त्यात पाप, दुःख आणि न्याय तिन्ही येतातच, आणि त्यांची सरमिसळ झाली की समोर बसलेल्या एखाद्याच्या काळजाला घरं पडतात.

आधी वाचन. फक्त आपली ओळ नाही, शुभवर्तमानांतले मार्क 15, लूक 23 आणि योहान 19 सलग वाचा, शक्यतो मोठ्याने. सातपैकी तीन उद्गार लूकमध्ये आहेत, तीन योहानात, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा मार्क आणि मत्तयात. मग जुन्या करारातला यशया 53 वाचा. गावात कोण्या जुन्या पाळकाच्या घरी टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, असतील तर मागून आणा, नसतील तरी चालतं, चार वेळा नीट वाचलेलं शास्त्र पुरतं.

खिळे आणि रक्ताच्या वर्णनात टाइम घालवू नका. 1968 ला यरुशलेमजवळ एका वधस्तंभावर दिलेल्या माणसाचं टाचेचं हाड सापडलं, खिळा अजून त्यात अडकलेला होता, म्हणजे ही शिक्षा किती भयानक होती ते माहीतच आहे. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी त्याचं वर्णन केलेलं नाही, त्याला वधस्तंभावर खिळलं एवढंच मार्क सांगतो आणि पुढे जातो. लोकांना रडवलं म्हणजे उद्गार समजला असं नसते.

पापावर बोलायचं असेल तर बरब्बापासून सुरू करा. दंग्यात खून करून आत पडलेला माणूस. रोमी सुभेदार पिलात तीनदा म्हणतो की मला या येशूत काही दोष सापडत नाही, आणि तरी गर्दीच्या मागणीवरून संध्याकाळपर्यंत खुनी घरी आणि निर्दोष वधस्तंभावर. हे एवढं नीट सांगितलं तर पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, त्याने आमची पापं आपल्या देहात खांबावर वाहिली, हे आजीबाईलाही समजते आणि दहावीच्या पोरालाही. एक दाखला द्यायचाच असेल तर जामीनदाराचा द्या, तो शास्त्रातलाच आहे, इब्री लोकांच्या पत्राच्या 7 व्या अध्यायात येशूला जामीनच म्हटलंय. सोसायटीचं कर्ज एकाने उचललं आणि नोटीस दुसऱ्याच्या दारी आली हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. फक्त लगेच फरकही सांगा, गावातला जामीनदार कपाळावर हात मारून भरतो, येशू मात्र योहान 10 मध्ये म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन देतो.

आणि तो न्यायाधीशाने दुसऱ्यासाठी आपल्याच पोराला फाशी दिल्याचा किस्सा कृपा करून सांगू नका. त्याने बाप निर्दयी दिसतो आणि लेक बिचारा. पौल करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे देव लांब बसून दुसऱ्याला मारून नाही राहिला, तो स्वतः तिथे आहे.

दुसरी गोष्ट, बरेच जण पाप म्हटलं की दारू, तंबाखू आणि पोरा-पोरींच्या मोबाइलवर घसरतात. येशूला मारलं कोणी ते तर पाहा! धर्माचे पुढारी, गर्दीला खूश ठेवणारा अधिकारी, चांदीच्या तीस नाण्यांसाठी विकणारा मित्र, मी त्याला ओळखत नाही म्हणणारा दुसरा मित्र, आणि आपली ड्युटी करणारे शिपाई. सगळी इज्जतदार माणसं. त्यामुळे मागच्या रांगेतल्या दारुड्याकडे बोट दाखवून बोलू नका, पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्यासारख्यांबद्दल बोला. पहिला उद्गार, त्यांना क्षमा कर, हा या सगळ्यांसाठी आहे.

आता दुःख, आणि माझं खरं सांगणं इथेच आहे. तुमच्यासमोर असं एक तरी घर बसलेलं असते जिथे कर्जापायी बाप गेला, किंवा लेकरू तापात गेलं. त्यांना आधीच नातेवाइकांनी विचारलेलं असते, "काहून झालं बाप्पा, काही पाप असन घरात." तुमच्या तोंडून चुकूनही ते येऊ नये. लूक 13 वाचा. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, आणि येशू लोकांना विचारतो की ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का, आणि स्वतःच सांगतो, नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. ते बाकीच्या गावाहून जास्त पापी होते का? नाही. येशूचं उत्तर तेच आहे. तो पुढे म्हणतो पश्चात्ताप करा, पण ते सगळ्यांना म्हणतो, मेलेल्यांच्या घरच्यांना वेगळं उभं करून नाही म्हणत.

मग दुःखाबद्दल म्हणायचं काय? चौथा उद्गार तुमच्याकडे असेल तर त्याला गोड करू नका. ती स्तोत्र 22 ची पहिली ओळ आहे, ते स्तोत्र पुढे भरवशावर जाते, हे सांगा, पण देवाने मला सोडलं का असं देवाचा पुत्र ओरडला हे आधी तसंच राहू द्या. रात्री शेतात एकटी बसून हाच प्रश्न विचारणारी बाई समोर असेल तर तिला समजू द्या की हा प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास गेला असं नाही, तो प्रश्नसुद्धा प्रार्थनाच आहे, माझ्या देवा म्हणूनच सुरू होतो. वधस्तंभ तिच्या दुःखाचं कारण सांगत नाही. पण देव त्या दुःखाच्या आत येऊन गेलाय एवढं पक्कं सांगतो.

पाचवा उद्गार, मला तहान लागली, आपल्याकडे एप्रिलमध्ये टिनाच्या शेडखाली बसून ऐकणाऱ्यांना वेगळा समजावावा लागत नाही. इथे एक बारीक गोष्ट दाखवा. योहान लिहितो की आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, भरलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर धरून त्याच्या तोंडाला लावला. हेच एजोब मिसरातल्या वल्हांडणाच्या, म्हणजे इस्राएलांच्या सुटकेच्या, रात्री कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायला वापरलं होतं, निर्गम 12 मध्ये आहे. दोन्ही वचनं वाचून दाखवा आणि चूप बसा, फोड करू नका.

न्यायाबद्दल बोलताना दोन टोकं टाळा. एक म्हणजे नरकाची भीती घालून पोरं रडवणं, आणि दुसरं म्हणजे सगळं माफ आहे, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या उद्गारातला चोर पाहा, तो म्हणतो आपण आपल्या केल्याचं भोगतो आहोत, याने मात्र काही केलं नाही, आणि मग फक्त आठवण ठेव म्हणतो. त्याने निकाल मान्य केला आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळवलं. रोमकरांच्या पत्रात म्हणूनच आहे की ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही, निकाल लागून गेलाय. पण ज्याच्या मालाचं वजन काट्यावर मारलं, ज्याची जमीन सावकाराने गिळली, त्याला न्याय होणार हे ऐकायची भीती नाही, आस आहे. त्यालाही सांगा की खोट्या निकालाने मारलेल्याला देवाने तिसऱ्या दिवशी उठवलं, म्हणजे पिलाताच्या कोर्टाचा निकाल शेवटचा ठरला नाही. एवढं बोलून थांबा, पूर्ण ईस्टर शुक्रवारीच उरकू नका.

कागदावर मुद्दे मोठ्या अक्षरात लिहा कारण लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि वचनं आधीच खुणा करून ठेवा. आपल्या बोलीत बोला. मोहफुलं वेचून पहाटेपासून दमलेली माणसं येतात, त्यांना दहाची पंधरा मिनिटं करू नका. बोलून झालं की लगेच गीत सुरू करू द्या. आणि उपासनेनंतर तुमचं भाषण कसं झालं हे विचारत फिरण्यापेक्षा ज्या घरात यंदा माणूस गेलाय तिथे जाऊन बसा, तिसरा उद्गार तोच आहे, येशूने मरता मरता आईला आपल्या शिष्याच्या, योहानाच्या स्वाधीन केलं आणि योहान तिला घरी घेऊन गेला. तिथे वचन सांगायची घाई नको, सोसायटीचा किंवा तहसीलचा कागद भरायचा राहिला असेल तर तो भरून द्या.