दहावीच्या इंग्रजीचा सराव : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला मराठी माध्यमातून बसणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी ही तृतीय भाषा असते. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याच्या पाठीशी दहा वर्षांचा अभ्यास असतो. त्याच्या आईवडिलांनी बहुधा पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली होती. तरीही घराघरांत या विषयाची धास्ती जवळपास तेवढीच राहिली आहे. वर्गात शिकवताना आणि वह्या तपासताना मला त्याचे एकच मोठे कारण दिसत आले आहे. विद्यार्थी इंग्रजी वाचतो, ऐकतो आणि गाईडमधून पाठही करतो, परंतु स्वतःच्या मनातले वाक्य इंग्रजीत कागदावर उतरवण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते, आणि परीक्षा मात्र नेमके तेच मागते.

हे पटण्यासाठी कृतिपत्रिकेची, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेची, रचना एकदा शांतपणे पाहावी. लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि उरलेले २० गुण शाळेत होणाऱ्या श्रवण-भाषणाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ८० पैकी १० गुण शब्द, विरामचिन्हे आणि वाक्यरचनेवरील भाषाभ्यासाला, २० गुण पाठ्यपुस्तकातील दोन उताऱ्यांना, १० गुण कवितेला, १५ गुण अपठित उतारा व त्याच्या सारांशाला, २० गुण लेखनकौशल्याला आणि ५ गुण भाषांतराला आहेत. म्हणजे पुस्तकातील धडे-कवितांवर थेट आधारलेला भाग ३० गुणांचाच आहे, आणि तेथेही उतारा व कविता समोर छापलेली असते. धड्याखालच्या प्रश्नोत्तरांचे पाठांतर जिथे जसेच्या तसे उतरवता येईल अशी जागा या कृतिपत्रिकेत फारशी उरलेलीच नाही. पाठांतरात गेलेला वेळ लेखनाकडे वळवणे, हा म्हणूनच सरावाचा पहिला निर्णय असावा.

घरी इंग्रजी तपासून देणारे कोणी नाही, मग लिहिलेले बरोबर की चूक हे कसे कळणार, अशी अडचण बहुतेक विद्यार्थी सांगतात आणि ती खरी आहे. तिच्यावरचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय उलटसुलट भाषांतराचा आहे. पाठ्यपुस्तकातील आठ-दहा ओळींचा एक परिच्छेद निवडावा, तो समजून घेऊन वहीच्या डाव्या पानावर चांगल्या, बोलण्यातल्या मराठीत लिहावा आणि पुस्तक मिटून ठेवावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ती मराठी वाचून उजव्या पानावर तोच परिच्छेद पुन्हा इंग्रजीत लिहावा. त्यानंतर पुस्तक उघडून मुळाशी ताडून पाहावे आणि जिथे जिथे फरक पडला असेल तिथे लाल शाईने मूळचा शब्द लिहावा. पुस्तकच येथे शिक्षकाचे काम करते. सगळेच फरक चुका नसतात, कारण एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. पण क्रियापदाचे रूप, शब्दांचा क्रम, 'अ' आणि 'द' ही उपपदे आणि स्पेलिंग या चार बाबतींतला फरक चूकच समजावा. आठवड्यात असे तीन परिच्छेद झाले तरी पुरे आहेत. त्यातून निघालेल्या चुका एका वेगळ्या वहीत तारखेसह उतरवाव्यात, म्हणजे महिनाभरात स्वतःच्या नेहमीच्या पाच-सहा चुका कोणत्या हे लक्षात येते.

या चुका बहुतेक वेळा मराठीच्या सवयीतून येतात, आणि सवय ओळखली की सुधारणा सोपी होते. 'माझा भाऊ रोज सकाळी सायकलने शाळेत जातो' या वाक्यात कर्त्यानंतर आधी वेळ येते, मग साधन, मग स्थळ आणि सर्वांत शेवटी क्रियापद. इंग्रजीत 'माय ब्रदर गोज टू स्कूल बाय बायसिकल एव्हरी मॉर्निंग' असे म्हणताना कर्ता जागेवर राहतो आणि बाकीचे सगळे आरशात पाहावे तसे उलटते : क्रियापद, स्थळ, साधन, वेळ. प्रत्येक वाक्य असे तंतोतंत उलटेलच असे नाही, परंतु साधी वाक्ये रचताना हा क्रम मनात ठेवला तर निम्मी गडबड थांबते. दुसरी अडचण विभक्तीच्या प्रत्ययांची आहे. 'तो शाळेत आहे' आणि 'तो शाळेत जातो' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'त' पुरतो, तर इंग्रजीला पहिल्या ठिकाणी 'इन' किंवा 'ॲट' आणि दुसऱ्या ठिकाणी 'टू' लागतो. म्हणून प्रत्ययाला इंग्रजी शब्द शोधण्याऐवजी क्रियापदासह संपूर्ण तुकडाच लक्षात ठेवावा.

अप्रत्यक्ष कथनाचेही तसेच आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' असे आपण सहज बोलतो, त्यात 'मी' आणि 'उद्या' दोन्ही जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत मात्र 'मी'चा 'तो' होतो, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' होतो आणि क्रियापद भूतकाळाकडे सरकते. व्याकरणाच्या कृतीत येथेच हमखास गुण जातात. भूतकाळातील नकारार्थी वाक्यात 'डिड नॉट' लिहून पुढे पुन्हा 'वेन्ट' लिहिणे, आणि 'ही', 'शी'नंतर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' न लावणे, या दोन चुका तर मी मोजणे सोडून दिले आहे.

पाठ्यपुस्तकातील प्रत्येक उताऱ्यावर दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात : माहिती शोधण्याच्या दोन, शब्दसंपत्तीची एक, व्याकरणाची एक आणि स्वतःचे मत मांडण्याची एक. पहिल्या चार कृतींसाठी उतारा वाचण्यापूर्वी कृती वाचून घ्याव्यात, म्हणजे काय शोधायचे ते ठाऊक असते. मताच्या कृतीसाठी चार ते पाच छोटी वाक्ये पुरतात, आणि तेथे मोठ्या शब्दांची हौस टाळलेली बरी. कवितेच्या रसग्रहणासाठी लागणारे अलंकार विद्यार्थी मराठीत शिकलेलाच असतो. उपमा, रूपक, अनुप्रास आणि चेतनगुणोक्ती यांची इंग्रजी नावे स्पेलिंगसह पक्की केली आणि पुस्तकातील प्रत्येक कवितेची यमकरचना व मध्यवर्ती कल्पना दोन-तीन ओळींत स्वतः लिहून ठेवली, की हे काम संपते.

अपठित उताऱ्याच्या सरावासाठी बाजारातील संच विकत घेण्याची गरज नाही. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि इंग्रजी माध्यमाच्या सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकातील धडे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने वाचलेले नसतात. त्यांची पातळीही सरावाला साजेशी असते. त्यातील साधारण वीस ओळींचा भाग घ्यावा, न अडखळता एकदा वाचावा आणि अनोळखी शब्दांचा अर्थ शब्दकोश न उघडता आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडावा. शब्दकोश पाहायचा तो कृती सोडवून झाल्यावर. सारांशासाठी आधी प्रत्येक परिच्छेदातील एकेक मुख्य मुद्दा समासात लिहावा, उदाहरणे, आकडे आणि संवाद गाळावेत आणि उरलेले मुद्दे मूळच्या सुमारे एक तृतीयांश लांबीत स्वतःच्या वाक्यांत जोडावेत. शीर्षक विसरू नये. मूळ उताऱ्याची पहिली आणि शेवटची ओळ उचलून मधे दोन ओळी भरण्याची युक्ती तपासणाऱ्याच्या एका नजरेत ध्यानात येते.

लेखनकौशल्यात पत्र, संवाद किंवा भाषण, तक्ता वा आकृतीवरून परिच्छेद अथवा परिच्छेदावरून तक्ता, आणि बातमी किंवा कथा असे प्रत्येकी ५ गुणांचे चार प्रकार दोन प्रश्नांत मिळून येतात. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पत्रलेखन, सारांशलेखन, बातमी आणि कथा हे प्रकार याच विद्यार्थ्याला मराठीच्या कृतिपत्रिकेसाठीही तयार करावे लागतात. म्हणून एकच विषय दोन्ही भाषांत पाठोपाठ लिहावा : शाळेतील वृक्षारोपणाची बातमी आज मराठीत, उद्या इंग्रजीत. बातमीला मथळा, स्थळ-दिनांक आणि पहिल्याच वाक्यात कोण, काय, कुठे, केव्हा हे सर्व लागते, हे मराठीत एकदा बसले की इंग्रजीत भाषेकडेच लक्ष देता येते. मराठीत बेत आखणे आणि इंग्रजीत साधी वाक्ये लिहिणे यात कमीपणा नाही. मराठीतले लांबलचक वाक्य शब्दशः इंग्रजीत ओढत नेणे मात्र टाळावे, त्याची तीन वाक्ये करावीत. पत्राच्या मायन्यात आणि पत्त्याच्या मांडणीत एकच पद्धत ठरवून ती शेवटपर्यंत पाळावी.

भाषांतराचे ५ गुण मराठी विद्यार्थ्याच्या हक्काचे आहेत, कारण तेथे इंग्रजीतून मराठीत यायचे असते. म्हणीचे शब्द नव्हे, तर आशय मराठीत आणावा. 'व्हेअर देअर इज अ विल, देअर इज अ वे' याला 'जिथे इच्छापत्र आहे तिथे रस्ता आहे' असे उत्तर मी स्वतः वाचले आहे आणि त्या मुलाची कल्पकता मला आवडली, पण गुण 'इच्छा तिथे मार्ग' यालाच द्यावा लागला.

जानेवारीतील पूर्वपरीक्षेच्या आधी दोन आणि नंतर तीन संपूर्ण कृतिपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकीत, शाईच्या पेनाने किंवा परीक्षेत वापरायच्याच पेनाने सोडवाव्यात. तीन तासांची विभागणी साधारण अशी ठेवावी : भाषाभ्यासाला १५ मिनिटे, पाठ्य उताऱ्यांना ४०, कवितेला २०, अपठित उतारा व सारांशाला ३५, लेखनाच्या दोन प्रश्नांना प्रत्येकी २५ आणि भाषांतराला १०. त्यातून १० मिनिटे शिल्लक राहतात, आणि २०२३ पासून मंडळ शेवटी आणखी १० मिनिटे वाढवून देते. या वेळात नवे काही लिहिण्याच्या भरीस पडू नये. आधी प्रश्न आणि उपप्रश्नांचे क्रमांक पाहावेत, मग सारांशाचे शीर्षक आणि बातमीचा मथळा आहे का ते पाहावे, आणि त्यानंतर चुकांच्या वहीत ज्या पाच-सहा चुका वारंवार आल्या होत्या, त्या एकेक करून संपूर्ण उत्तरपत्रिकेत शोधाव्यात : एका फेरीत फक्त क्रियापदांचा 'एस', दुसऱ्या फेरीत फक्त पूर्णविराम आणि वाक्याच्या सुरुवातीची मोठी अक्षरे.