जुनी एमपीएफआय गाडी थंडीत सकाळी स्टार्ट होत नाही? या चुका टाळा

डिसेंबर लागला की आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याकडचा पारा दहाच्या खाली जाते आणि गावातल्या जुन्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या, अल्टो, झेन, वॅगनआर सकाळी सकाळी रुसतात. मग सगळ्यात आधी काय करतात लोकं, तर एक्सलेटर पंप करत सेल्फ मारतात. अरे बाप्पा, ही सवय कार्बोरेटरवाल्या गाडीची आहे! इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवते, पाय मारून काही होत नाही. पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले झालेच असतील तर एक्सलेटर पूर्ण दाबून धरा आन सेल्फ मारा, बऱ्याच गाड्यांत तेव्हा इंजेक्टर बंद राहतात आणि प्लग सुकतात.

सेल्फही लांबलचक मारू नका, पाच-सात सेकंद बस, मग थोडं थांबा.

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पेट्रोल पंपाच्या मोटरचा घुंss आवाज येते, तो ऐका. दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी लगेच उठली तर समजा रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरते. पंपाचा वॉल्व तरी गळते, नाहीतर एखादा इंजेक्टर.

आता खरी गोष्ट, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) टेंपरेचर सेन्सर. इंजिन थंड आहे हे ईसीएमला हाच सांगते, आणि यानं "गरम आहे" असं खोटं सांगितलं की थंडीत लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळतच नाही. मीटरचा काटा बरोबर दिसते म्हणून सेन्सर चांगला असं धरू नका, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असते. मल्टिमीटर लावा: थंड इंजिनवर साधारण दोन-तीन हजार ओहम किंवा कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त, गरम झाल्यावर तीनेकशे. थंडीतच तीनशे दाखवत असेल तर चोर सापडला. वायरही पाहून घ्या, घरात सोयाबीनची पोती असली की उंदीर बोनेटमध्येही येतातच.

बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर बाकी काही खोलूच नका, आधी तिचे टर्मिनल अन अर्थिंग घासा. थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा जाते त्या झडपेचा) कार्बन साफ करणं स्वस्तातलं काम आहे, पण लोकं डायरेक्ट पंप बदलून बसतात.

आणि तालुक्याच्या मिस्त्रीकडे गाडी चालवत नेली तर ती पोचेपर्यंत गरम होते आन तो म्हणते "भाऊ, काहीच नाही झालं हिले". आदल्या संध्याकाळीच त्याच्याकडे ठेवून या, सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या.