मदतनिधीचा प्रयोग लावताना

२०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी शेतकऱ्यांसाठी ‘नाम फाउंडेशन’ काढलं. प्रत्येक कलाकाराने नवी संस्था काढायलाच हवी असं नाही. मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावणार असाल, तर आधीपासून काम करणारी संस्था निवडा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, करसवलतीचं प्रमाणपत्र आणि ताळेबंद आधी पाहा. पैसा थेट संस्थेच्याच खात्यात जावा, कलाकाराच्या नव्हे. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, म्हणून तिकीटखिडकीशेजारी संस्थेचा क्यूआर कोड लावा.

घोळ होतो तो खर्चात. नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी-प्रकाश, बॅकस्टेजवाल्यांची नाइट (दर प्रयोगाचा मेहनताना) कोण देणार, हे जाहिरातीआधी लेखी ठरवा. कलाकार मानधन सोडतो. पडदा ओढणाऱ्याला ते परवडत नाही. ‘सर्व उत्पन्न मदतीला’ असं छापलंत, तर हा खर्च प्रायोजकाकडून आधीच मिळवलेला हवा.